विश्लेषण : फुलदाणी उचलली की दिवा बंद! क्रॅगसाइडच्या तांब्याच्या दिव्यांमागचे तंत्र काय?

इंग्लंडमधील नॉर्थम्बरलँडचे क्रॅगसाइड हे जलविद्युतवर उजळलेले जगातील पहिले घर मानले जाते. त्याच्या ग्रंथालयातील दिवे म्हणजे तांब्यावर रंगीत मिनाकाम केलेल्या फुलदाण्या आणि वर काचेचा गोळा. त्यांना बटणच नव्हते. मग ते लागायचे कसे?

हे घर कोणाचे?

उद्योगपती आणि अभियंता विल्यम आर्मस्ट्राँग (१८१०-१९००) यांचे. १८७८ मध्ये त्यांनी येथे पाण्यावर तयार केलेल्या विजेने आर्क दिवा लावला. त्याचा उजेड घरासाठी फार प्रखर होता. १८८० मध्ये न्यूकॅसलचे संशोधक जोसेफ स्वान यांचे बल्ब आले. घरात ४५ दिवे होते. पण एका वेळी जास्तीत जास्त ३७च लावावे लागत. १९७७ पासून हे घर नॅशनल ट्रस्टकडे आहे.

दिवा लागायचा कसा?

बल्बला वीज येण्याची आणि परत जाण्याची अशा दोन वाटा लागतात. आर्मस्ट्राँग यांनी परतीची वाट म्हणून फुलदाणीचे तांबेच वापरले. येणाऱ्या विजेची तार फुलदाणीच्या पोटातून खाली उतरायची. तिचे उघडे टोक बैठकीच्या मधोमध असलेल्या पाऱ्याच्या छोट्या वाटीत बुडायचे. फुलदाणी ठेवली की दिवा लागायचा, उचलली की विझायचा. पारा हा द्रवरूप धातू असल्याने तार बुडताच जोडणी व्हायची. खटका किंवा स्क्रूची गरज नव्हती.

यात धोका काय?

बैठकीचा धातू गंजला किंवा तिथे धूळ साचली, तर परतीची वाट तुटते. पण तारेचे टोक पाऱ्यात असेल, तर बल्बमधून आलेला विद्युतदाब सगळ्या फुलदाणीवर चढतो. आजच्या २३० व्होल्टवर अशा फुलदाणीला हात लावणे जिवावर बेतू शकते. शिवाय पाऱ्याची वाफ विषारी असते.

मग संग्रहालयाने काय करायचे?

अशा दिव्यांबाबत हाच खरा पेच असतो. मूळ जोडणी तशीच चालवली, तर कर्मचारी आणि पाहुण्यांच्या जिवाला धोका. आतून नवी वायर घातली, तर दिवा सुरक्षित होतो. पण ज्या कल्पनेसाठी तो जपायचा, तीच झाकली जाते. वीजनिर्मितीसाठी क्रॅगसाइडने जुन्याच वाटेचा आधार घेतला. २०१४ मध्ये तिथे १७ मीटर लांबीचा आर्किमिडीज स्क्रू बसवण्यात आला आणि पाण्यावरची वीज पुन्हा सुरू झाली.

तुमच्या घरी पितळी झुंबर असेल तर?

जुन्या पितळी हंडीत किंवा झुंबरात बल्ब बसवताना दोन तारांवर थांबू नका. धातूच्या अंगाला तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार जोडून घ्या आणि घरात गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.