सदतीस अंशांचा उन्हाळा : किनारपट्टीवरील उष्म्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईलगतच्या मीरा रोड पूर्वेकडील बेव्हर्ली पार्कपासून भाईंदरची मिठागरे, वसईची खाडी आणि तिवरांची जंगले फार लांब नाहीत. आणि खाडीलगतच्या बहुतेक वसाहतींप्रमाणे इथेही असे मानले जाते की खरा उन्हाळा विदर्भ-मराठवाड्यात असतो, किनाऱ्यावर होते ती केवळ चिकचिक, आणि पारा चाळीसच्या आत आहे तोवर काळजीचे कारण नाही. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय तो जिवावर बेतू शकतो. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार होत नाही, परंतु किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांवरच ठेवलेली आहे. त्यासोबत तापमान त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक असावे लागते. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस, म्हणजे होळीही आली नव्हती तेव्हा, मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला तो याच निकषावर. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला, त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या घरात होते. चाळीशी ओलांडली गेली नव्हती.

बातम्यांत सांगितले जाणारे तापमान म्हणजे अंगाला जाणवणारा उष्मा, असेही सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात तो आकडा सावलीतला असतो : जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, वारा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा बेताने तापमापक ठेवलेला असतो. डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या भाजीवाल्याच्या किंवा पश्चिमेकडील खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीच्या वाट्याला येणारी उष्णता या आकड्यात नसते, आणि हवेतला दमटपणा तर नसतोच.

दमटपणाचे महत्त्व घामाच्या कामावरून कळते. घाम येणे म्हणजे शरीर थंड होणे नव्हे. घाम सुकणे म्हणजे शरीर थंड होणे. एक लिटर घामाची पूर्ण वाफ झाली तर ती शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते, पण तोच घाम कपाळावरून ओघळून खाली पडला तर पाणी आणि मीठ तेवढे वाया जाते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर घाम सुकत नाही. म्हणून उष्म्याचा अभ्यास करणारे साध्या पाऱ्याबरोबर ‘वेट बल्ब’ तापमानही पाहतात, म्हणजे तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळल्यावर मिळणारे तापमान. हवा जितकी दमट, तितके ते साध्या तापमानाच्या जवळ सरकते. ते ३५ अंशांवर गेले तर निरोगी माणूसही फार काळ तग धरू शकत नाही असे पूर्वी मानले जाई, पण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाने तरुण, धडधाकट व्यक्तींवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दमट हवेतील मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच आढळली. वृद्धांसाठी ती याहूनही खाली असणार हे उघड आहे.

नागपूरच्या नातेवाइकांच्या घरी कूलरची गार हवा अनुभवून आलेले कुटुंब मीरा रोडला तसाच कूलर घेते आणि निराश होते, त्याचे कारणही हेच. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपत असताना कोरड्या हवेत त्याची भराभर वाफ होते आणि आत येणारी हवा गार होते. खाडीकाठच्या हवेत ती वाफ फारशी होत नाही, उलट बंद खोलीत दमटपणा वाढून घाम सुकणे आणखी अवघड होते. पंख्याचे तसे नाही. पंखा खोली थंड करत नाही, घाम सुकवतो, त्यामुळे किनाऱ्यावर तोच अधिक कामाचा. मात्र हवेचे तापमान चाळीसच्या पुढे गेल्यास पंखा गरम हवाच अंगावर आणतो, म्हणून तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. खिशात कांदा ठेवल्याने ऊन बाधत नाही, या समजुतीला कसलाही आधार नाही. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्याने रक्तवाहिनी फुटते, हा मोबाइलवरून फिरणारा संदेशही निराधार आहे. श्रमामुळे उष्माघात झालेल्या रुग्णाला तर थंड पाण्यात बुडवणे हाच मान्य उपचार आहे.

झाडांच्या बाबतीत गैरसमज अधिक खोलवर गेलेले दिसतात, कारण माणसाला जो दिवस असह्य तोच झाडालाही असह्य असे गृहीत धरले जाते. वास्तविक या दोघांचे कठीण दिवस बहुधा वेगळे असतात. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात आणि समुद्रावरून येणारा वारा दुपारी उशिरापर्यंत अडून राहतो, तेव्हा पारा चढतो. अशा दिवशी माणसाचा घाम निदान सुकतो, पण कोरडी हवा झाडाच्या पानांतून पाणी ओढून घेते. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, होणाऱ्या या बाष्पोच्छ्वासाचा वेग मुळांच्या पाणी शोषण्याच्या वेगापेक्षा वाढला की पाने माना टाकतात. याउलट मे महिन्यातील ढगाळ, चिकट दिवशी पारा ३४ वर असताना माणूस हैराण होतो आणि कुंडीतला मोगरा मात्र टवटवीत असतो.

दुपारी माना टाकलेले झाड पाहून लगेच पाणी ओतणे ही सर्वांत सामान्य चूक होय. माती दोन बोटे खोल ओली असेल आणि सूर्य कलल्यावर पाने पुन्हा ताठ होत असतील, तर ते कोमेजणे तात्पुरते असते आणि त्याला पाण्याची गरज नसते. सतत ओल्या मातीतून मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेल्या मुळांचे झाडही तहानलेल्या झाडासारखेच दिसते, त्यामुळे त्याला आणखी पाणी घातले जाते. भर उन्हात पाणी शिंपडले तर थेंब भिंगासारखे काम करून पाने जाळतात, हा समज मात्र प्रयोगाने तपासला गेला आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की गुळगुळीत पानावरचा थेंब पानाला चिकटून बसतो आणि प्रकाश पानाच्या फार मागे एकवटतो, त्यामुळे भाजत नाही. लव असलेल्या ज्या पानांवर थेंब केसांच्या टोकांवर अधांतरी राहतो, तिथेच ती शक्यता उरते. दुपारी पाणी न घालण्याचे खरे कारण म्हणजे त्यातले बरेचसे मुळांपर्यंत पोहोचण्याआधी उडून जाते. पश्चिमेच्या ग्रिलमधील काळी प्लॅस्टिकची कुंडी ऊन शोषून बाजूच्या मुळांना शेकवते, ते अधिक घातक. कुंडी आत सरकवणे किंवा मातीवर वाळक्या पानांचा जाड थर पसरणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

ग्रिलमध्ये टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार अशी असते की मे महिन्यात फुले येतात, पण फळ धरत नाही, आणि त्याचा दोष खताच्या कमतरतेला दिला जातो. दोष रात्रीचा असतो. टोमॅटोची फळधारणा रात्रीचे तापमान साधारण २१ ते २४ अंशांच्या वर गेले की बिघडते, आणि या किनाऱ्यावर मे महिन्यातील किमान तापमानच २७ अंशांच्या आसपास असते. अशा वेळी खताचा मारा केल्यास आधीच ताणाखाली असलेल्या मुळांवर क्षारांचा भार वाढतो. याच किनाऱ्यावर, याच दिवसांत मोगरा, तगर आणि जास्वंद मात्र आपसूक फुलतात.

बहावा फुलला की त्यावरून पावसाचे दिवस मोजण्याची जुनी रीत आहे. बहावा पावसाच्या आधी फुलतो हे खरे असले तरी पुढच्या पावसाची वर्दी त्याला नसते. तो सरलेल्या महिन्यांतील ऊन आणि कोरडेपणा यांना प्रतिसाद देत असतो. पाऊस ठरल्या तारखेला येतोच असेही नाही : २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याची नेहमीची तारीख ११ जून आहे आणि १९५६ मधला २९ मे हा त्याआधीचा सर्वांत लवकरचा दिवस होता. मृग दूरच, रोहिणी नक्षत्र नुकतेच लागले होते. लवकर आलेला पाऊस म्हणजे भरपूर पाऊस आणि सुटलेला पाणीप्रश्न, असा हर्ष तेव्हा अनेकांना झाला, परंतु त्यानंतर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मान्सूनची वाटचाल रखडली. शिवाय तेव्हा मीरा-भाईंदरला पाणी येत होते ते स्टेम हे पाणीपुरवठा प्राधिकरण आणि एमआयडीसी यांच्यामार्फत उल्हास नदीच्या खोऱ्यातून. बेव्हर्ली पार्कच्या गच्च्यांवर पडलेला पाऊस नाल्यांतून खाडीला मिळतो. ज्यांचा उन्हाळा हाच कमाईचा हंगाम आहे त्यांचे तर यात नुकसानच होते : मिठागरांत साचत आलेले मीठ विरघळते, उत्तनच्या किनाऱ्यावर वलांडीवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, सुकत घातलेले बोंबील कुजतात, आणि झाडावर उरलेल्या आंब्यावर करपा, म्हणजे काळे डाग पाडणारा बुरशीजन्य रोग, पसरतो. घरच्या कुंड्यांची भोके बुजलेली असतील तर आठवडाभराच्या अशा पावसात त्यांतली मुळेही कुजतात.

उन्हाळ्यातील चिडचिड हा स्वभावदोष किंवा सहनशक्तीचा अभाव मानण्याची प्रवृत्ती सर्वांत दुःखद म्हणावी लागेल, कारण तिच्यापायी मदत मागायला उशीर होतो. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. गच्चीखालच्या मजल्यावर दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो, हवा दमट असते, आणि ते उतरणे लांबते. अशा रात्रींची मालिका लागली की लक्ष उडणे, शब्दाला शब्द वाढणे, भूक मंदावणे हे ओघानेच येते. गच्चीवर पांढऱ्या चायना चिप्स किंवा चुन्याचा हात असेल तर स्लॅब कमी तापतो, म्हणून हा खर्च सोसायटीच्या सभेत शोभेचा मानला जाऊ नये. ऋतूंशी निगडित नैराश्याचे वर्णन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले ते हिवाळ्यातील लक्षणांवरून, परंतु त्याचा उन्हाळी प्रकारही लवकरच नोंदवला गेला; हिवाळ्यात जिथे झोप आणि भूक वाढते, तिथे उन्हाळ्यात ती उडते आणि मन बेचैन राहते. प्रत्येक चिडचिड हा आजार नसतो, पण दोन-तीन आठवडे झोप आणि उमेद परतली नाही तर ‘ऊन उतरले की बरे वाटेल’ म्हणून थांबणे योग्य नव्हे.

मनोविकारांवर आधीपासून औषधे घेणाऱ्यांसाठी उन्हाळा अधिक जोखमीचा असतो, आणि ही गोष्ट घरातल्यांना क्वचितच ठाऊक असते. शरीरातील पाणी कमी झाल्यास लिथियम या औषधाचे रक्तातील प्रमाण घातक पातळीपर्यंत वाढू शकते. सायकोसिससाठी, म्हणजे वास्तवाचे भान सुटणाऱ्या विकारासाठी, दिली जाणारी काही औषधे घाम येण्याच्या आणि तापमान राखण्याच्या क्रियेतच अडथळा आणतात. म्हणून गोळ्या परस्पर बंद न करता मात्रा, पाणी आणि मीठ यांविषयी डॉक्टरांशी उन्हाळा तापण्याआधीच बोलून घ्यावे. हात थरथरू लागणे, जीभ जड होणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसल्यास रुग्णालय गाठण्यासाठी संध्याकाळच्या गारव्याची वाट पाहू नये.