शनिवार सकाळच्या सुपरहिरो कार्टून मालिका आणि त्यांच्या संग्राह्य वस्तू : एक आकलन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन दूरचित्रवाणीवर शनिवारची सकाळ प्रामुख्याने बालप्रेक्षकांसाठी असे. १० सप्टेंबर १९६६ रोजी सीबीएस वाहिनीवर फिल्मेशनची ‘द न्यू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ व हॅना-बार्बेराची ‘स्पेस घोस्ट’ या मालिका सुरू झाल्या आणि या वेळेवर सुपरहिरोंचे वर्चस्व निर्माण झाले. या मालिकांचे अवशेष आज संग्राहकांच्या बाजारात मोलाने विकले जातात. मात्र बाजारातील मूल्य आणि अभ्यासमूल्य यांत मोठी तफावत आढळते.

या मालिका अल्प खर्चात, मर्यादित अ‍ॅनिमेशनच्या तंत्राने तयार होत. पात्राचे शरीर ‘सेल’ म्हणजे अ‍ॅसिटेटच्या एका पारदर्शक तावावर, तर ओठ बहुधा दुसऱ्या तावावर रंगविले जात. संवादाच्या वेळी शरीराचा सेल जागेवरच राही. केवळ ओठांचे सेल बदलत. उड्डाणाची तीच दृश्ये अनेक भागांत पुन्हा वापरली जात. संग्राहकास मात्र संपूर्ण आकृती, समोरचा चेहरा व उघडे डोळे असलेला सेल हवा असतो. नुसत्या ओठांच्या सेलला फारसे गिऱ्हाईक नसते. वस्तुतः निर्मितीतंत्र समजून घेण्यासाठी तोच अधिक बोलका होय, आणि हे विशेषण येथे शब्दशः घेण्यासही हरकत नाही! एका दृश्याचे सेल सुटे विकले गेले आणि कडेचे अनुक्रमांक चौकटीआड झाकले गेले, की हालचालींचा क्रम लावणे दुरापास्त होते.

खेळण्यांच्या बाबतीत हा विरोधाभास अधिक ठळक दिसतो. केनर कंपनीची ‘सुपर पॉवर्स’ ही बाहुल्यांची मालिका १९८४ ते १९८६ या काळात निघाली. १९८४ मध्ये एबीसीवरील ‘सुपर फ्रेंड्स’ मालिकेच्या नावातही ‘सुपर पॉवर्स’ हे शब्द आले. मालिका व जाहिरात यांतील सीमारेषा अशी पुसली जाण्यास १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’ या संघटनेचा विरोध होता. यातील सुपरमॅनचे पाय दाबले की हात ठोसा मारत. आज सर्वाधिक किंमत येते ती न उघडलेल्या पाकिटातील सुपरमॅनला, म्हणजे ज्याने कधी ठोसा मारलाच नाही त्याला. असा नमुना दुकानाचा इतिहास सांगतो. बालकांच्या खेळाचा पुरावा झिजलेल्या, हात मोडलेल्या बाहुलीतच सापडतो.

जतनाचा प्रश्न सेलच्या बाबतीत अधिक निकडीचा आहे. उष्णता व आर्द्रतेमुळे अ‍ॅसिटेटचे विघटन होऊन अ‍ॅसेटिक आम्ल सुटते व व्हिनेगरसारखा वास येतो. हे आम्ल कोंडले गेल्यास विघटन अधिक वेगाने होते. त्यामुळे हौसेने काचेच्या बंद चौकटीत बसविलेला सेल आतल्या आत खराब होत राहतो. चौकटीत घालण्यापूर्वी कडेच्या अनुक्रमांकासह त्याचे छायाचित्र घेणे आणि नंतर तो थंड, कोरड्या व हवेशीर जागी ठेवणे, इतके तरी संग्राहकास करता येते.