शेकोटी स्टुडिओतली, उजेड घरचा

छायाचित्रकार विल्यम नॉटमनच्या एका चित्रात शिकारी रात्रीच्या रानात शेकोटीभोवती जमले आहेत. रान, रात्र, शेकोटी, सगळे रचलेले. १८६६ साली हा देखावा मॉन्ट्रियलमधल्या ब्लूरी स्ट्रीटवरच्या स्टुडिओत उभा राहिला. शेकोटीच्या उजेडासाठी नॉटमनने मॅग्नेशियम पेटवले. त्याच्या अशा चित्रांत जमिनीवरचा बर्फ म्हणजे मीठ, आणि भुरभुरणारा बर्फ म्हणजे निगेटिव्हवर उडवलेले पांढऱ्या रंगाचे शिंतोडे. मला या युक्त्यांहून त्याच्या कामाचा क्रम मोलाचा वाटतो: उजेड कुठून यायला हवा हे आधी, तो कशाने पाडायचा हे मग.

कॅनडातल्या मराठी घरांना हा क्रम डिसेंबरात फार उपयोगी आहे. टोरांटोत तेव्हा पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारची मांडणी सजेपर्यंत बाहेर काळोख. मग फोटोसाठी छताचा दिवा आणि मोबाइलचा फ्लॅश. देवीच्या मुखवट्यामागे काळी सावली, कलशावर पांढरा ठिपका. घासलेल्या पितळेत दिव्याचेच प्रतिबिंब उमटते. दिवा चिमुकला असला की ठिपका, उजेड मोठ्या पृष्ठभागातून आला की कलशाच्या पोटावर पसरलेली झळाळी.

तेव्हा उजेडाचा पृष्ठभाग मोठा करायचा. हार्डवेअरच्या दुकानातला चिमट्याचा दिवा घ्या, त्यात १०० वॅटच्या तोडीचा एलईडी. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त आहे ना, तेवढे पाहा. नाहीतर कुंकवाचा लाल रंग फिका पडतो. दिवा एका बाजूला, जरा उंचावर. मध्ये पांढरी सुती चादर ताणून बांधा. ती मांडणीच्या जितकी जवळ, तितकी सावली मऊ. दिवा मात्र इतका मागे हवा की चादर कडेपर्यंत उजळेल. अगदी जवळ लावला तर मधोमध डाग पडतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. दिव्याच्या विरुद्ध बाजूला पांढरा फोम बोर्ड उभा केला की सावलीतली फळेही दिसू लागतात. हॅलोजनचा दिवा कापडामागे अजिबात नको, तो भयंकर तापतो.

छताचे दिवे बंद करा. समई तेवत राहू द्या, फक्त चादरीपासून चांगली लांब. एलईडी २७०० केल्विनचा असला तर ज्योतीच्या रंगाशी बराच जुळतो. मोबाइलच्या पडद्यावर ज्योतीला बोट लावून एक्स्पोजर खाली ओढा. कमी उजेडात हात हलला की चित्र बिघडते, म्हणून मोबाइल डब्यांच्या चळतीला टेकवून टायमर लावा.