विश्लेषण : फिश टँकचे तुटलेले झाकण घरच्या घरी कसे बदलावे?

घरातील फिश टँकची काच वर्षानुवर्षे टिकते, पण वरचे प्लास्टिकचे झाकण तेवढे टिकत नाही. दिव्याची उष्णता आणि सततचा ओलावा यांमुळे ते ठिसूळ होते, बिजागरी तुटते आणि त्याच मापाचे सुटे झाकण बाजारात मिळत नाही. मग कुणी टाकी उघडीच ठेवतो, तर कुणी वर प्लायवूडची फळी टाकतो. यात नुकसान होते ते माशांचे. नवे झाकण बनवणे तसे अवघड नाही. मात्र मासा बाहेर जाऊ नये आणि हवा आत यावी, या दोन्ही गोष्टी एकाच झाकणात साधाव्या लागतात.

झाकण नसेल तर काय होते?

पहिला धोका माशांच्या उडीचा. गुरामी, फायटर, झेब्रा डॅनिओ, किलीफिश हे पृष्ठभागाजवळ वावरणारे मासे सहज उडी मारतात. अचानक लागलेला दिवा, दुसऱ्या माशाचा पाठलाग, पाण्यात वाढलेला अमोनिया किंवा कमी झालेला ऑक्सिजन, यांपैकी कोणतेही कारण त्यासाठी पुरते. सापासारखे लांबट लोच मासे तर पाइपसाठी ठेवलेल्या फटीतूनही निसटतात.

दुसरा प्रश्न बाष्पीभवनाचा. पाणी उडून जाते, पण त्यातील क्षार टाकीतच राहतात. घटलेले पाणी बोअरवेलच्या कठीण पाण्याने भरत राहिल्यास टाकीतील क्षार वाढत जातात. त्यामुळे नुसती भर न घालता ठरावीक पाणी बदलणे आवश्यक ठरते.

मग टाकी घट्ट बंद का करू नये?

कारण पाण्यात ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभागातून मिसळतो. २५ अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. म्हणजे ज्या दिवसांत माशांना ऑक्सिजनची गरज जास्त असते, त्याच दिवसांत पाण्यात तो कमी मावतो. फायटर आणि गुरामी हे मासे तर पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतात. त्यांच्यासाठी पाणी आणि झाकण यांच्यात किमान ३ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी.

उन्हाळ्यात आणखी एक मुद्दा येतो. बाष्पीभवनामुळे पाणी थंड होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतल्यास १०० लिटर पाणी पाच ते सहा अंशांनी थंड होऊ शकते. खोलीतील उष्ण हवेमुळे प्रत्यक्षात एवढी घट दिसत नाही. तरीही एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यातील घरांत पूर्ण बंद झाकणापेक्षा जाळीचे झाकण सोयीचे ठरते.

कोणते साहित्य वापरावे?

काच : सर्वांत टिकाऊ. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीसाठी ४ मिमी काच पुरते. तिचे वजन साधारण पावणेदोन किलो भरते. कापल्यानंतर कडा घासून घेणे अत्यावश्यक, अन्यथा रोज खाद्य टाकताना हात कापण्याची भीती राहते. जुन्या टेबलाची काच वापरायची असल्यास ती टफन्ड नाही याची खात्री करावी. टफन्ड काच कापायला गेल्यास तिचे तुकडे तुकडे होतात.

अ‍ॅक्रिलिक : वजनाने काचेच्या निम्म्याहून कमी आणि कापायला सोपे. पण खालच्या बाजूने ओलावा शोषल्याने ते फुगते, मध्यभाग झुकतो आणि कोपरे वर उचलले जातात. मासा निसटायला तेवढी फट पुरते. त्यामुळे पत्रा ५ ते ६ मिमी जाडीचा घ्यावा आणि काही आठवड्यांनी उलटून ठेवावा.

पोकळ पॉलिकार्बोनेट : पावसाळी शेडसाठी वापरला जाणारा हा दुपदरी पत्रा हलका असतो, कटरने कापता येतो आणि सहसा वाकत नाही. त्यातील पोकळ नळ्या टाकीच्या लांबीच्या दिशेने ठेवल्यास एक युक्ती करता येते. एका नळीवरचा फक्त वरचा पदर चिरला की खालचा पदर बिजागरीचे काम करतो. नळ्यांची उघडी टोके सिलिकॉनने बंद करावीत, नाही तर आत शेवाळ धरते.

जाळी : खिडकीच्या मच्छरदाणीसारखी, अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली नायलॉनची जाळी हवेसाठी उत्तम. बाष्पीभवन मात्र रोखले जात नाही.

प्लायवूड ओलाव्याने फुगते आणि त्यावर बुरशी येते. पितळी बिजागरी किंवा तांब्याची तारही वापरू नये. तांबे कोळंबी आणि गोगलगायींना घातक ठरते.

माप कसे घ्यावे?

टाकी दिसते तेवढी काटकोनात असेलच असे नाही. म्हणून आतील लांबी-रुंदी डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी मोजावी आणि सर्वांत लहान मापातून २ ते ३ मिमी वजा करावेत. झाकण टाकीच्या कडेवर न ठेवता आत बसवावे. कडेवर ठेवलेल्या झाकणाखाली साचलेले थेंब बाहेरून ओघळून प्लगपर्यंत पोहोचू शकतात. आत बसवलेल्या झाकणाचे थेंब पुन्हा टाकीतच पडतात. वरच्या कडेला आतून काचेच्या पट्ट्या असतील तर झाकण त्यांवर टेकते. नसतील तर चारही कोपऱ्यांत काचेचे छोटे तुकडे सिलिकॉनने चिकटवून आधार करावा.

झाकणाचे दोन भाग करावेत : मागचा स्थिर, पुढचा खाद्य टाकण्यासाठी उचलता येणारा. मागे पाइप आणि वायरसाठी ३ सेंटिमीटर जागा सोडून ती जाळीने झाकावी. काचेत चौकोनी खाच पाडू नये. आतल्या कोपऱ्यातून तडा जातो. त्याऐवजी कोपरा तिरका कापून घ्यावा.

सिलिकॉन बुरशीनाशक मिसळलेले नसावे. बाथरूमसाठीचे म्हणून विकले जाणारे बरेचसे तसे असते. चिकटवल्यावर किमान २४ तास, शक्यतो ४८ तास वाळू द्यावे आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेल्यावरच माशांजवळ न्यावे.

विजेच्या बाबतीत कोणती काळजी घ्यावी?

जुन्या झाकणात दिवा बसवलेला असतो. तो काढून नव्या झाकणाला जसाच्या तसा जोडणे धोक्याचे आहे. पाण्याजवळ वापरण्यासाठी बनवलेला, आयपी ६७ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा एलईडी दिवा घ्यावा. प्रत्येक वायर प्लगच्या पातळीखाली लोंबत सोडून मग वर न्यावी. म्हणजे वायरवरून आलेले पाणी खालच्या वळणावर गळून पडते. घराच्या वीजजोडणीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व प्लग काढावेत.

झाकण बसवल्यानंतर काय पाहावे?

पहिले दोन दिवस सकाळी दिवा लावण्याआधी टाकी पाहावी. त्या वेळी पाण्यातील ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. एरवी खाली राहणारे मासेही वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर मागची फट वाढवावी किंवा एअर पंप लावावा. झाकणावरचे पांढरे डाग काढण्यासाठी ते उचलून व्हिनेगरने पुसावे आणि भरपूर पाण्याने धुवावे; साबण लावू नये. शेवटी प्रत्येक फट टाकीतील सर्वांत लहान माशाशी ताडून पाहावी. त्याचे डोके जिथून जाते, तिथून तो पूर्ण बाहेर पडू शकतो.