'जरा' म्हणजे नेमके किती?

"भाव जरा कमी करा," गिऱ्हाईक म्हणते. "जरा थांबा, वजन पाहतो," दुकानदार म्हणतो. बाजारात दिवसभर कानावर पडणाऱ्या या शब्दाला आपण काहीच वजन देत नाही. त्याचे मूळ मात्र पाहण्यासारखे आहे.

'जरा' हा मूळचा अरबी 'जर्रा'. फारसीच्या वाटेने तो उर्दूत व मराठीत आला. अरबीत जर्रा म्हणजे बारीक मुंगी किंवा कवडशात तरंगणारा धुळीचा कण. आजच्या अरबीत अणूलाही हाच शब्द आहे. कुरआनच्या सूरह जिलजालमध्ये माणसाच्या बऱ्यावाईट कर्मांच्या हिशेबात हाच शब्द आला आहे. म्हणजे आपण जो शब्द सोडून देण्यासाठी वापरतो, तो तेथे काहीच सुटत नाही हे सांगण्यासाठी आहे.

आमच्या सराफ बाजाराने तरी हे जाणले होते. लाल-काळ्या गुंजेने तेथे सोने तोलले जाई. तिलाच उर्दूत रत्ती म्हणतात. 8 गुंजांचा 1 मासा, 12 माशांचा 1 तोळा. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, म्हणून गुंज सुमारे 121 मिलिग्रॅमची. सोने ग्रॅमला 10 हजार रुपये धरले, तर गुंजभर सोन्याचे 1,200 रुपयांहून अधिक होतात!

आता सराफ बाजारात तोळा म्हणजे सरळ 10 ग्रॅम धरतात. जुन्या तोळ्याशी फरक सुमारे 14 गुंजांचा. आजीचा 5 तोळ्यांचा दागिना जुन्या मापाचा असेल तर तो 58 ग्रॅमचा असतो, 50 चा नव्हे. जकातीचा साडेसात तोळ्यांचा निसाबही जुन्या तोळ्याचा, म्हणजे 87.48 ग्रॅम आहे. नव्या तोळ्याने मोजणारा तो 75 ग्रॅमच धरून बसतो.

म्हणून वाटणी असो, मोड असो की जकात, हिशेब ग्रॅममध्येच करावा. पावतीवर सोन्याचे व खड्यांचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही तेही पाहावे. आणि आम्हा व्यापाऱ्यांनी "जराशाने काय होते?" हे वाक्य तोंडी आणू नये. काटा जरा झुकला, तर कोणाच्या तरी घामाचे पैसे जातात.