गाडीची डायरी वाचलीत का?

शुक्रवारी खराडीचं ऑफिस सुटलं की मी थेट नगरच्या रस्त्याला! (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण घरून फोन येतो तो 'नगरला कधी पोचतोयस?' असाच.) सुमारे १२० किलोमीटर. वाघोलीचं ट्रॅफिक संपलं की गाडीत जरा दम हवा, असं वाटायचं. म्हणून इंजिनाचं रीमॅपिंग करून घेतलं. तयार फाइल, तासाभरात काम फत्ते. पिकअप झकास! पंधरा दिवस मी हवेत...

मग सगळे मोहटादेवीला निघालो. करंजी घाटाचा चढ, तिसरा गिअर, एसी चालू, गाडीत पाच जण. आणि बॉनेटखालून खडखड... डब्यात खडे हलवल्यासारखी. मागून आई म्हणाली, "अरे, गाडी दात का खातेय?"

नगरमध्ये मावसभावाचं गॅरेज आहे. त्याने बॉनेटला हात लावला नाही. स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये छोटा ओबीडी डोंगल खोचला, मोबाइल हातात घेतला आणि शेजारी बसला. "चल, घाटात."

मॅप म्हणजे काय रे भाऊ?

मॅप म्हणजे चौकटींचा तक्ता. आडवा इंजिनाचा वेग, उभा त्याच्यावरचा भार. प्रत्येक चौकटीत एक आकडा : पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची. पूर्वी हे काम कार्ब्युरेटरचा जेट आणि मेकॅनिकचा कान करायचा. १९७२मध्ये आलेली, आमच्या नगरला बनणारी लूना त्याच जमान्यातली. आता ते काम ईसीयू करतो.

घाटातून उतरल्यावर भावाने लॉग दाखवला. कमी वेग आणि जास्त भाराच्या चौकटींत ठिणगीची वेळ पुन्हा पुन्हा मागे ओढली जात होती. तयार फाइलने ठिणगी फारच लवकर पाडली होती. ईसीयू जमेल तेवढं सावरत होता. "असंच रेटलं असतंस तर पिस्टन गेला असता," भाऊ थंडपणे म्हणाला. माझा ईएमआय अजून तीन वर्षं बाकी होता!

उसाचा हिशोब

त्याने कंपनीची मूळ फाइल परत चढवली आणि तीन वीकेंड नुसता लॉग घ्यायला लावला. मग गंमत सुरू. इंजिन थंड असतानाचे आकडे बाद. एकदम ॲक्सिलरेटर दाबल्याचे क्षण बाद. उरलेले आकडे ज्या त्या चौकटीत टाकून सरासरी. जिथे मोजकेच आकडे, ती चौकट जशीच्या तशी.

जवळजवळ सगळीकडे फ्युएल ट्रिम अधिक दिसत होता. म्हणजे मॅप सांगतो त्याहून जास्त पेट्रोल ईसीयू स्वतःहून सोडत होता. भावाने आधी एअर फिल्टर, मग हवेची गळती तपासली. सगळं ठीक! मग हसून म्हणाला, "ऊस बोलतोय."

इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळलं की सुमारे १३.५. तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. हे २० टक्क्यांचं उद्दिष्ट देशाने २०२५मध्ये गाठलं. प्रवरानगरच्या जिल्ह्यात वाढलेल्या मला माझ्या शेजारचं शिवार लॉगमध्ये भेटावं, हे भारीच!

शेवटी बदल केले ते मोजक्याच चौकटींत, एकेक पाऊल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा लॉग. पिकअप त्या पहिल्या पंधरा दिवसांसारखा नाही. पण परवा करंजी घाट चढलो आणि आई चक्क झोपली होती. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठलं?

तुम्हीही लक्षात ठेवा

• नुसता लॉग घ्यायला मॅप बदलावा लागत नाही. सुरुवात तिथूनच करा.
• मोबाइलकडे शेजारच्याने बघायचं. तुम्ही रस्त्याकडे!
• ट्रिम वाढलेला दिसला की आधी फिल्टर आणि गळती तपासा, मॅप नंतर.
• मूळ फाइलची कॉपी ठेवल्याशिवाय कुणालाही ईसीयूला हात लावू देऊ नका.
• मॅप बदलला की वॉरंटी जाऊ शकते, पीयूसीचेही वांधे होऊ शकतात. दोन्हीची चौकशी आधी, हौस नंतर.