सल्लागार मंडळाचे सरकार ऐकते का?

‘राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार’ हे पंतप्रधानांना जबाबदार असलेले सरकारी पद. ‘राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळ’ मात्र सरकारबाहेरच्या जाणकारांचे: निवृत्त राजदूत, सेनाधिकारी, शास्त्रज्ञ, अभ्यासक. या दोन्हींची गल्लत सहज होते. मंडळ सुचवते, निर्णय सरकारचा.

सुचवलेले जसेच्या तसे स्वीकारले नाही, की नेते ऐकतच नाहीत असा समज होतो. पण घर बांधताना आपणही इंजिनिअरच्या आराखड्यात फेरफार करतोच. खर्च आणि शेजार आपल्याला सांभाळायचा असतो.

१९९८ च्या अणुचाचण्यांनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली मंडळाने अणुसिद्धांताचा (अण्वस्त्रे कशासाठी ठेवायची, कधी वापरायची याच्या धोरणाचा) मसुदा लिहिला. ऑगस्ट १९९९ मध्ये तो जाहीर झाला, पण सरकारने त्याला अधिकृत धोरण मानले नाही. सल्ला बासनात गेला, असे तेव्हा सहज म्हणता आले असते. मात्र जानेवारी २००३ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने सिद्धांत प्रसिद्ध केला, तेव्हा ‘प्रथम वापर नाही’ (आपण होऊन आधी अण्वस्त्र न डागण्याचे वचन) हा त्याचा गाभा मसुद्यातलाच होता. सरकारने त्यात एक गंभीर भर घातली: जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला, तर अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखून ठेवला.

मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते मसुदा लोकांसमोर ठेवणे. त्यामुळेच काय घेतले आणि काय बदलले, हे कोणालाही ताडून पाहता येते. एरवी असा सल्ला बहुधा बंद दाराआडच राहतो.